नळातून न आलेलं पाणी

१

सोमवारी सकाळी मोठ्या प्रेसच्या ऑपरेटरनं बटण दाबलं आणि पंप असा किंचाळला की शेजारच्या तीन मशीनवरची माणसं हातातलं काम टाकून धावली. त्यानं लगेच बटण बंद केलं आणि टाकीजवळ वाकून पाहिलं. तेलाची पातळी दिसावी म्हणून टाकीला बाजूनं एक काचपट्टी असते. तिच्यात एरवी मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं तेल असायचं. आज तिथे चहा दिसत होता. दूध जास्त झालेला, निवून गेलेला चहा.

हा प्रेस रबराच्या जाड चकत्या दाबून काढायचा, आणि त्याच्या पोटात दीड हजार लिटर तेल होतं. तेच तेल पाचव्या वर्षात चालू होतं. बाकीच्या कारखान्यांत ते वर्षाला काढून टाकतात. इथे मात्र देखभाल विभागातल्या धाकटीनं हट्ट धरला होता, की तेल म्हातारं होत नाही, मळतं. मळ आणि पाणी काढत राहिलं तर ते वर्षानुवर्षं चालतं. त्यासाठी तिनं एक चाकांची गाडी बनवून घेतली होती. गाडीवर पंप, गाळणी आणि पाणी ओढून घेणारं एक भांडं. कामगार तिला गाळगाडी म्हणत. या गाडीमुळे कारखान्यातून जळायला जाणारी जुन्या तेलाची पिंपं जवळजवळ बंद झाली होती.

प्रयोगशाळेतून थोरलीला बोलावणं आलं. थोरली म्हणजे धाकटीची सख्खी मोठी बहीण. वीस वर्षं ती तिथल्या प्रयोगशाळेत तेल, रबर, पाणी तपासत होती आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. घोळका तिला वाट देत बाजूला झाला. तिनं काचेतला तो चहा पाहिला आणि तिला आधी बरं वाटलं. मग, बरं वाटलं याचं वाईट वाटलं. क्रम हाच होता.

साहेबांनी दोघींनाही केबिनमध्ये बोलावलं. बुधवारी दुपारपर्यंत कारण हवं, असं ते म्हणाले. तेल वयानं गेलं असेल तर ही गाळण्याची योजना बंद, उरलेल्या अकरा मशीनमधलंही तेल काढून टाकायचं आणि धाकटीनं माल रवाना करण्याच्या विभागात जायचं. मग ते थोरलीकडे वळले. "ताई, तपास तुम्हीच करा. तुमचा हात खात्रीचा आहे."

बाहेर आल्यावर धाकटीनं बहिणीचा दंड धरला. ती रडली नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

"ताई, तेल थकलेलं नाही. कुणीतरी त्यात काहीतरी घातलंय."

थोरली तिला घेऊन परत टाकीपाशी गेली. तेल भरायच्या झाकणाला धाकटी नेहमी नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावायची, कारण तिचा कुणावर भरवसा नव्हता. थोरलीनं चष्मा पुसून सील पाहिलं, वहीतला नंबर पाहिला, पुन्हा सील पाहिलं.

सील जसंच्या तसं होतं. ते कुणी उघडलंच नव्हतं.

२

त्या दिवशी थोरलीला कामावर मन लावायला फार जड गेलं, आणि का ते तिला नीट ठाऊक होतं.

तेल गाळून वापरायची कल्पना मुळात तिची. अकरा वर्षांपूर्वी तिनं त्यावर सोळा पानांचं टिपण लिहून आधीच्या साहेबांना दिलं होतं आणि त्यांनी ते खणात टाकलं होतं. धाकटी नोकरीला लागली तेव्हा थोरलीनंच कौतुकानं आपली वही तिच्या हातात ठेवली. "वाच, उपयोग होईल." उपयोग झाला. धाकटीला माणसांना पटवता येतं. ती हसून बोलते, कपडे खराब झाले तरी मशीनखाली सरपटत शिरते, आणि साहेबांच्या टेबलावर गाळणीत सापडलेला काळा चिखल नेऊन ठेवते. बघता बघता योजना तिच्या नावावर झाली. मागच्या वर्षी कारखान्याच्या पत्रिकेत फोटो आला, त्यात धाकटी गाळगाडीवर हात ठेवून उभी होती आणि कडेला थोरलीचं फक्त कोपर आलं होतं. घरीही तसंच. आईच्या डोळ्यांत थेंब घालायला धाकटीच लागायची. थोरलीचा हात म्हणे जड आहे.

हे सगळं गिळून ती चौकशीला लागली.

पहिला फोरमन. तीस वर्षं त्यानं दरवर्षी मशीन थांबवून तेल बदललं होतं आणि तो आठवडा म्हणजे त्याचं राज्य असायचं. गाळगाडी आल्यापासून ते राज्य गेलं. तो म्हणाला की त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, वापरलेलं ते वापरलेलं. शनिवारी तो दिवसभर लहान प्रेसवर दहा माणसांसमोर उभा होता, हे त्या दहांनीही सांगितलं. गाडीला मात्र तो हात लावत नव्हता. "लावलाच तर चाक पंक्चर केलं, असं माझ्यावर यायचं," तो म्हणाला. "शनिवारी तर ती जागेवरही नव्हती. दुपारभर नव्हती. तुझ्या बहिणीनं नेली असेल कुठे."

दुसरा पिंपवाला. हा नव्या तेलाचा विक्रेता, दर शनिवारी सुगंधी रुमाल घेऊन फाटकाशी येऊन बसायचा. सोमवारी दुपारी बातमी लागताच तो हजर झाला आणि दु:खी चेहऱ्यानं म्हणाला की आठ पिंपं तयारच आहेत. थोरलीनं फाटकावर विचारलं. पाच वर्षांत त्याला बाकड्यापुढे कुणी सोडलेलं नव्हतं.

तिसरा मोठ्या प्रेसचा ऑपरेटर. हा भित्रा माणूस. आपल्यावरच येणार म्हणून सकाळपासून जेवला नव्हता. थोरलीनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. या प्रेसचं तेल पाण्यानं थंड ठेवणाऱ्या कूलरमधून थोडं पाणी तेलात झिरपतं, हे सगळ्यांना माहीत होतं. नवा कूलर यायचा होता. तोवर झिरपलेलं पाणी टाकीच्या तळाशी बसायचं आणि ऑपरेटर रोज सकाळी तळाचा नळ सोडून ते काढून टाकायचा. रोज मगभर निघायचं, रविवारच्या सुट्टीनंतर दोन मग.

"आज किती निघालं?" थोरलीनं विचारलं.

त्यानं रिकामा मग पुढे केला.

"तेच तर ताई. आज एक थेंब नाही आला. नुसता तो चहाच आला."

तेल पाण्यानं भरलेलं, आणि नळातून पाणी नाही.

३

थोरली हातात नमुन्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत बसली. साहेबांना, फोरमनला, सगळ्यांनाच वाटत होतं की कूलर फुटला आणि बदाबदा पाणी शिरलं. तिनं कूलर काढून दाब देऊन पाहिला होता. झिरपणं तेवढंच होतं, जेवढं नेहमी असायचं. पाणी नेहमीइतकंच आलं होतं. बदललं होतं तेल.

चांगल्या तेलाचा एक गुण असतो: ते पाण्याला धरून ठेवत नाही. कितीही घुसळा, थोड्या वेळानं पाणी खाली आणि तेल वर. हेच तपासायला ती दर महिन्याला उभ्या काचनळीत निम्मं तेल, निम्मं पाणी घेऊन घुसळायची आणि वेगळं व्हायला किती मिनिटं लागतात ते लिहायची. मोठ्या प्रेसचं तेल पाचव्या वर्षीही अठरा-वीस मिनिटांत मोकळं व्हायचं. आज तिनं घुसळलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तास झाला. नळीत वरपासून खालपर्यंत तोच चहा.

असं करणारी वस्तू म्हणजे साबणासारखी काहीतरी. ती तेलाला पाणी सोडू देत नाही. पण साबणानं रंग पांढरा आला असता, आणि हा रंग चहाचा होता. तिनं टीपकागदावर एक थेंब टाकला आणि तो पसरेपर्यंत हात बांधून बसून राहिली. थेंब पसरला, कडेला पिवळसर झाला, आणि मधोमध एक काळं वर्तुळ उमटलं, बारीक, काजळीचं.

काजळी जळण्यातून येते. प्रेसमध्ये काहीच जळत नाही. जळतं ते इंजिनमध्ये. आणि इंजिनच्या तेलात मुद्दामच असं औषध घातलेलं असतं, जे मळ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतं. मोठ्या प्रेसच्या टाकीत इंजिनचं वापरलेलं तेल शिरलं होतं. थोडंसं, शंभरात एखादा भाग. पण तेवढं पुरलं होतं.

म्हणजे धाकटी निर्दोष होती. तेल वयानं गेलेलंच नव्हतं. थोरलीनं सुस्कारा टाकला आणि आधीचे आकडे जोडायला रजिस्टर उघडलं.

तीन आठवड्यांपूर्वीची ओळ समोर आली. तिच्याच अक्षरात. मोठा प्रेस, वेगळं व्हायला लागलेला वेळ: चव्वेचाळीस मिनिटं. आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ठीक.

तो आकडा ती विसरलेली नव्हती. त्या दिवशी अठराचे चव्वेचाळीस झालेले तिनं पाहिले होते, आणि ताबडतोब फोन उचलायला हवा होता. फोनवर हात गेलाही होता. मग तिच्या मनात आलं, कळू दे हिला एकदा. एकदा पडू दे तोंडावर. आणि तिनं 'ठीक' लिहून पान उलटलं होतं.

४

मंगळवारी सकाळी ती कामाला लवकर आली, आणि डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट मांडत गेली. स्वत:ची गोष्ट तिनं तेवढ्यापुरती बाजूला ठेवली.

तेल दोनदा बिघडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी थोडं, या शनिवारी बरंच. झाकणाचं सील शाबूत, मग घाण आत गेली कुठून? टाकीला आणखी एकच वाट होती: गाळगाडीचे पाइप जोडायची दोन तोंडं. गाडी एका मशीनचं तेल ओढते, गाळते आणि परत सोडते. काम संपलं तरी तिच्या भांड्याच्या तळाशी आणि पाइपांत दहा-बारा लिटर तेल उरतंच. पुढच्या मशीनला जोडली की ते आधी त्या टाकीत जातं. सगळीकडे एकाच जातीचं तेल, म्हणून कधी बिघडलं नव्हतं.

म्हणजे कुणीतरी गाळगाडी इंजिनला जोडली होती. आणि मग शनिवारी संध्याकाळी धाकटीनं नेहमीप्रमाणे ती मोठ्या प्रेसला लावली, रविवारभर चालायला. ते काळं तेल धाकटीनं स्वत:च्या हातानं, काही न कळता, आपल्याच टाकीत सोडलं होतं.

थोरली फोरमनकडे गेली. गाडी जागेवर नसण्याची ही पहिलीच वेळ होती का? त्यानं डोकं खाजवलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारीही नव्हती, असं त्याला आठवलं. दोन्ही शनिवारी धाकटी अर्धा दिवस बाहेर होती, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन. हे आधीपासून ठाऊक असणारी माणसं घरातली.

कारखान्यात मोठं इंजिन एकच होतं, जनरेटरचं. त्याचं तेल या महिन्यात बदलायचं होतं. थोरली जुन्या तेलाच्या पिंपापाशी गेली, झाकण काढलं आणि आत काठी घातली. काठी तळाला ठण्णकन लागली. पिंप कोरडं होतं. जनरेटरचं जुनं तेल बाहेर आलंच नव्हतं.

ती जनरेटर खोलीच्या पायऱ्या चढली. तिथे जो माणूस बसायचा त्याला घरी सगळे गमतीनं जावईबापू म्हणायचे. तो धाकटीचा नवरा होता.

५

तो स्टुलावर बसून पाना पुसत होता. आधीच स्वच्छ असलेला पाना. थोरलीला पाहून उठला, तिला स्टूल दिलं आणि स्वत: उभा राहिला.

धाकटी या कारखान्यात लागली तेव्हा हा इथे सात वर्षांचा जुना होता. त्यानंच तिला पाने ओळखायला शिकवलं, त्यातून दोघांचं जमलं, लग्न झालं. आता ती त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर होती. कामगार त्याला 'गाळगाडीचे मालक' म्हणून चिडवायचे आणि तोही हसायचा. थोरलीला ते हसू ओळखीचं होतं. पत्रिकेतल्या फोटोबद्दल कुणी बोललं की ती स्वत: अगदी तसंच हसायची.

तिनं टीपकागद त्याच्यासमोर धरला. काही विचारलं नाही. काय काय कळलं ते सावकाश सांगत गेली: काजळी, दोन शनिवार, कोरडं पिंप.

"तिची गाळणी खराब नको व्हायला म्हणून मी ती काढून ठेवली होती," तो शेवटी म्हणाला. "टाकून दिलेली जुनी लावली. झाल्यावर परत तिची बसवली. भांडंही रिकामं केलं होतं, ताई. जेवढं निघालं तेवढं."

"पण का?"

त्यानं पाना खाली ठेवला. मग हळूहळू सांगू लागला. धाकटीनं बारा मशीनचं तेल वाचवलं. त्याच्या हातात एकच इंजिन. त्याला वाटलं, आपणही जनरेटरचं तेल गाळून दुप्पट चालवलं आणि एक दिवस साहेबांपुढे ठेवलं, तर कुणीतरी आपलंही नाव घेईल. तिला विचारलं असतं तर तिनं हौसेनं शिकवलं असतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं. पहिल्यांदा थोडा वेळ गाडी लावून पाहिली. कुणी काही बोललं नाही, काही बिघडलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा दुपारभर लावली.

"काही बिघडलं असतं तर तुमच्या तपासणीत आलं असतं, असं मी धरून चाललो," तो म्हणाला. "तुम्ही 'ठीक' लिहिलं होतं. तिनं घरी वाचून दाखवलं."

थोरलीला त्या खोलीत एकदम उकडायला लागलं. काल सकाळी चहासारखं तेल पाहिल्यापाहिल्या त्याला सगळं उमगलं होतं. तरी बायकोला घोळक्यात उभं पाहून तो गप्प राहिला. का, ते त्यालाही सांगता येईना. थोरलीला सांगता आलं असतं.

"साहेबांना तुम्ही सांगणार का मी?" त्यानं विचारलं.

"आधी तिला," थोरली म्हणाली. "आणि तुम्ही एकटे नाही सांगणार."

६

बुधवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये चौघं होती. जावईबापूनं आपलं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. आदल्या संध्याकाळी घरी तो बायकोला बोलला होता, त्यामुळे धाकटीला ते नवं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. थोरलीचा भाग मात्र तिनं ऐकलेला नव्हता. काल तिच्या घरी जायला थोरली निघाली होती आणि दाराशी जाऊन परत फिरली होती.

साहेब थोरलीचं कौतुक करू लागले, की दोन दिवसांत कोडं सोडवलंत. थोरलीनं त्यांना थांबवलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिलं होतं," ती म्हणाली. "चव्वेचाळीस म्हणजे ठीक नाही. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरा शनिवार झालाच नसता."

धाकटी खिडकीपासून वळली. तिनं रजिस्टर जवळ ओढून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. नवऱ्यावर ती रात्री ओरडली असावी, आवाज बसला होता.

"आकडा बघून तुला बरं वाटलं होतं?"

साहेबांसमोर खोटं बोलणं सोपं होतं. घाईत होते, लक्षात नाही आलं, चष्मा बदलायला झालाय, अशी दहा कारणं तिथे हाताशी होती.

"हो," थोरली म्हणाली.

धाकटीनं मान हलवली, जणू एखाद्या मशीनचा नेमका बिघाड सापडला.

मग कामाचं बोलणं झालं. मोठ्या प्रेसचं तेल वाचणार नव्हतं. इंजिनच्या तेलातलं औषध गाळून निघत नाही, हे दोघी बहिणींनी एकाच वेळी सांगितलं आणि एकमेकींकडे न बघता थांबल्या. ते काढून, टाकी धुऊन नवं भरायचं. बाकी अकरा मशीनचं तेल थोरलीनं मंगळवारीच तपासलं होतं, ते निर्मळ होतं, आणि योजना चालू राहणार होती. गाळगाडीला कुलूप, पाइपांना वेगळी तोंडं, म्हणजे दुसऱ्या कशाला ती जोडताच येणार नाही. जावईबापूला ताकीद मिळाली आणि दोन महिने टाकी धुणाऱ्या टोळीत काम.

राहिली थोरली. साहेब अवघडले. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेला द्यावी का, असं त्यांनी धाकटीलाच विचारलं. थोरलीनं टेबलाच्या कडेला हात टेकवले. वीस वर्षांचं तिचं सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि तिच्या बाजूनं बोलायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

धाकटीनं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "नको. इंजिनचं तेल शंभरात एक भाग होतं. बाहेरच्यांनी कूलर फुटला म्हणून लिहून दिलं असतं आणि मी आत्ता सामान आवरत असते. हिच्याइतकं कुणाला दिसत नाही." ती उठली. "पण यापुढे नमुना घेऊन मी येईन. ती तपासेल तेव्हा मी समोर उभी राहीन. आणि आकडा मी लिहीन."

एवढं बोलून, नवऱ्याकडे आणि बहिणीकडे न बघता, ती टाकी रिकामी करायला निघून गेली.

थोरली खुर्चीतच बसून राहिली. अपमान झाला होता आणि नोकरी वाचली होती, दोन्ही एकाच तोंडातून. इतक्या रागात, इतक्या माणसांसमोर, धाकटीनं खरं तेवढंच सांगितलं होतं; एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आपल्याला हे कधी जमलं नसतं, असं तिच्या मनात आलं, आणि छातीत ती जुनी कळ उठली. हेवाच होता तो. या वेळी तिनं त्याला दुसरं कुठलंही नाव दिलं नाही. रजिस्टर उचललं आणि कोरं पान उघडून, आकड्याची जागा मोकळी ठेवून, तारीख घातली.